जादूच्या खड्यांची किंमत रुपयात लिहा

गेन्शिन इम्पॅक्ट या खेळात नवं पात्र मिळवण्यासाठी एकदा नशीब आजमावायचं तर प्रायमोजेम नावाचे १६० खडे लागतात. प्रायमोजेम खेळून थोडे थोडे मिळतात, रोख पैसे देऊन थेट मिळत नाहीत. रोखीने मिळतात ते जेनेसिस क्रिस्टल. त्यांचे एकास एक दराने प्रायमोजेम करायचे, प्रायमोजेम देऊन ‘फेट’ घ्यायचा आणि फेट देऊन डाव लावायचा. रुपयापासून पात्रापर्यंतच्या वाटेवर असे तीन थांबे लागतात आणि प्रत्येक थांब्यावर मागचा आकडा पुसून नवाच आकडा हातात दिला जातो.

क्रिस्टलचे गठ्ठेही बघण्यासारखे आहेत. पहिल्या खरेदीला दुप्पट मिळतात. त्यानंतरचा हिशेब असा. सगळ्यात लहान गठ्ठा ६० चा, त्यात एकही डाव होत नाही. पुढचा ३०० चा, वर ३० बक्षीस. दोन डाव होतात, १० उरतात. सगळ्यात मोठा ६४८० चा, वर १६००. अमेरिकेत त्याला ९९ डॉलर ९९ सेंट पडतात. त्यात पन्नास डाव होतात आणि ८० उरतात. सहा गठ्ठ्यांपैकी एकाचाच हिशेब शून्यावर सुटतो. बाकी पाचांत काहीतरी शिल्लक राहतं, आणि ती शिल्लक फुकट जाऊ नये म्हणून आणखी थोडे घ्यावेसे वाटतात.

पाच ताऱ्यांचं, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्र एका डावात मिळण्याची शक्यता ०.६ टक्के. नव्वदाव्या डावापर्यंत पाच ताऱ्यांचं कोणीतरी हमखास मिळतं, पण ते आपल्याला हवं तेच असेल असं नाही. हुकलं, तर त्यापुढच्या नव्वदांत हवं ते नक्की. म्हणजे नशीब पूर्ण फिरलं तर १८० डाव आणि २८,८०० प्रायमोजेम. हे सगळे विकत घ्यायचे म्हटलं तर खर्च साडेतीनशे डॉलरच्या वर जातो, आपले तीस हजार रुपये. हा आकडा ज्याने त्याने वही घेऊन काढायचा. खेळ तो सांगत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्याने तो सांगितला पाहिजे. खेळात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वस्तूची रुपयातली किंमत, विकत घेण्याच्या त्या बटणावरच, लिहिलेली हवी. वस्तू नशिबावर मिळणार असेल तर ती हमखास हातात पडेपर्यंत जास्तीत जास्त किती रुपये जातील, हेही तिथेच हवं. आणि हे कंपन्यांच्या मर्जीवर न सोडता नियमाने करून घ्यायला हवं.

वरचा हिशेब मला कुठल्या अहवालात सापडलेला नाही. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी वाणिज्य शाखेला शिकवते आणि माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलामुलींना तो तोंडपाठ आहे. राजारामपुरीत चहाच्या गाड्यावर किंवा संध्याकाळी रंकाळ्याच्या कट्ट्यावर त्यांचं बोलणं कानावर पडतं ते असं:

“किती झाल्यात?”

“बहात्तर.”

“मागल्या येळंला फिफ्टी-फिफ्टी हारलावतास न्हवं? मग आता गॅरंटी हाय. चौऱ्याहत्तरच्या पुढं चान्स वाढतोय, थांब.”

“थांबून काय करू भावा? बॅनर परवा जातोय.”

बॅनर म्हणजे ते पात्र उपलब्ध असण्याची मुदत, साधारण तीन आठवड्यांची. फिफ्टी-फिफ्टी हरणं म्हणजे पाच ताऱ्यांचं पात्र मिळालं, पण हवं ते नाही. आणि नव्वदच्या त्या हमीला ही मुलं पिटी म्हणतात. या शब्दांवर ती तासभर वाद घालू शकतात, आणि त्या वादात शक्यताशास्त्र असतं, चलनाचा दर असतो, आत्ता घ्यावं की साठवावं हा प्रश्न असतो. “मी चार महिनं थांबलो,” एक मुलगी सांगत होती (आमच्याकडे मुलीही ‘थांबलो’च म्हणतात), “एक रुपाया घालत न्हाई मी यात. पण गोष्ट सोडत न्हाई.” तिला त्या जगाचा इतिहास पाठ आहे. कुठल्या राज्याचा कोणता देव, कोणत्या युद्धात कोण मेलं, तलवारीच्या वर्णनात दडलेल्या दोन ओळींवरून पुढच्या भागाचा अंदाज कसा बांधायचा, हे सगळं ती इंग्रजीत वाचते आणि मैत्रिणींना मराठीत सांगते. या कथेला ती मंडळी लोर म्हणतात.

घरात मोठी माणसं म्हणतात की पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीत. मला हे म्हणणं अपुरं वाटतं. ही मुलं त्या डोक्याचं करतात काय, ते एकदा जवळ बसून ऐकायला हवं. मी ऐकते, आणि माझं मत असं झालं आहे की खेळातल्या पैशाबद्दल कायदा करायला बसणाऱ्यांनी आधी यांच्याकडून धडे घ्यावेत.

खेळातल्या पैशाकडे गांभीर्याने पाहणारे हे काही पहिलेच नाहीत. २००१ साली एडवर्ड कॅस्ट्रोनोव्हा या अमेरिकी अर्थतज्ज्ञाने एव्हरक्वेस्ट या खेळातल्या नोराथ नावाच्या काल्पनिक जगाचं दरडोई उत्पन्न मोजलं. खेळाडू तिथल्या वस्तू बाहेर लिलावात खऱ्या डॉलरना विकत होते, त्या भावांवरून त्याने हिशेब मांडला. नोराथचं दरडोई उत्पन्न रशिया आणि बल्गेरिया यांच्या मध्ये कुठेतरी बसत होतं. आइसलँडच्या सीसीपी कंपनीचा ईव्ह ऑनलाइन हा अंतराळातला खेळ २००३ चा. त्यातल्या बाजारावर लक्ष ठेवायला कंपनीने २००७ मध्ये चक्क एक अर्थतज्ज्ञ नोकरीला ठेवला. राक्षस मारला की नाणी पडतात, म्हणजे खेळात पैसा सतत हवेतून तयार होत असतो. तो परत कुठेतरी मुरला नाही तर महागाई होते. म्हणून शस्त्रांची दुरुस्ती, घोड्याची किंमत, लिलावाची दलाली असे खर्च मुद्दाम ठेवलेले असतात. येण्याच्या वाटेला फॉसेट म्हणतात, जाण्याच्या वाटेला सिंक. पैशाचा पुरवठा हा धडा मी फळ्यावर शिकवते तेव्हा मागच्या बाकावरचा मुलगा वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमधल्या सोन्याचं उदाहरण देतो, आणि ते उदाहरण पुस्तकातल्यापेक्षा सरस असतं.

याच ईव्हमध्ये २०११ साली जे झालं ते इथे सांगण्यासारखं आहे. कंपनीने खऱ्या पैशांनी घ्यायच्या शोभेच्या वस्तूंचं दुकान उघडलं. त्यात एका डोळ्याच्या भिंगाची किंमत साठ डॉलरच्या वर होती. खेळाडू भडकले. हजारोंनी जिता या खेळातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेत जहाजं आणली आणि तिथल्या स्मारकावर दिवसच्या दिवस गोळीबार केला. बऱ्याच जणांनी वर्गणी बंद केली. काही महिन्यांनी कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर पत्र लिहून माफी मागितली. त्या खेळाडूंचं भांडण पैसे देण्याशी नव्हतं, ते महिन्याला वर्गणी भरतच होते. आपल्या जगाच्या आत, आपण कष्टाने उभ्या केलेल्या बाजाराच्या शेजारी, कंपनीने वेगळ्याच नियमांचा पैसा आणून बसवला, याचा त्यांना राग होता.

त्यांनी ओळखलेला हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. काल्पनिक जगाच्या खेळात दोन जातींचा पैसा असतो. एक त्या जगाचा स्वतःचा: सोनं, मोरा, क्रेडिट. तो कष्टाने मिळतो, कथेत त्याला जागा असते, त्याच्यावरून भांडणं होतात, व्यापार होतो. या पैशावर कोणत्याही सरकारने हात ठेवू नये असं मला ठाम वाटतं. दुसरा पैसा दुकानाचा. तो खऱ्या पैशांनी येतो, पण त्याचं रूप त्या जगातल्या पैशासारखं बेतलेलं असतं. तसाच चमकता खडा, तसंच जादूचं नाव, पडद्याच्या त्याच कोपऱ्यात. दुकानाने कथेचा पोशाख घातला की खेळाडूला आपण दुकानात उभे आहोत हे विसरायला होतं. आणि तो विसरावा यासाठीच तो पोशाख असतो.

गेन्शिनच्याच कथेत मोरा या नाण्याची गोष्ट आहे, ती मला त्या थांबलेल्या मुलीने सांगितली. लियुए नावाचं व्यापारी बंदर आहे. तिथला देव मोरॅक्स, त्याच्या नावावरून नाण्याला मोरा म्हणतात. तो करारांचा देव. दिलेला शब्द पाळायचा, कराराची प्रत्येक अट दोन्ही बाजूंना ठाऊक असायची, आणि मोडणाऱ्याला क्षमा नाही, या पायावर ते बंदर उभं आहे. साऱ्या तेवात जगाची नाणी तिथल्या सुवर्णगृहात पडतात, कारण त्या देवावाचून ती पाडता येत नाहीत. मग एके दिवशी तो देव मेल्याचं जाहीर होतं आणि टांकसाळ थांबते. ही गोष्ट सांगून झाल्यावर तिने वर्गात विचारलं, “मॅडम, टांकसाळ बंद पडली, तरी राक्षस मारला की मोरा पडतोयच. मग कथेतल्या लोकांचे भाव वाढायला पायजेत का पडायला?” वर्ग अर्धा तास त्यावर बोलत राहिला. चलनामागे विश्वास असतो हे मी गेली कित्येक वर्षं रिझर्व्ह बँकेच्या नोटेवरचं वचन दाखवून शिकवते. त्या दिवशी मुलांना ते एका काल्पनिक देवाच्या मृत्यूवरून समजलं.

अशी कथा लिहिणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. पण ज्या कथेत करार इतका पवित्र, त्या खेळाच्या दुकानातला करार इतका धूसर का, हा प्रश्नही त्याच कथेतून उभा राहतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२५ मध्ये हेच विचारलं. या खेळाच्या तिथल्या वितरक कंपनीने दोन कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि ज्या अटी मान्य केल्या त्यांत या तीन होत्या: सोळा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीशिवाय नशिबाचे डाव विकायचे नाहीत, मधल्या चलनांचे दर आणि शक्यता उघड सांगायच्या, आणि मधलं चलन न घेता थेट खऱ्या पैशांनी डाव घेण्याची सोय ठेवायची. म्हणजे हे करता येतं. तंत्राची काही अडचण नाही. अमेरिकेतल्या मुलाला जे मिळायला हवं ते शिवाजी पेठेतल्या मुलाला का नको?

आता शक्यतेच्या आकड्याकडे येते, कारण किंमत सांगून भागत नाही. आमच्या जिल्ह्यात उसाच्या वजनकाट्यावरून आणि उताऱ्यावरून (उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीवरून) रस्ते अडतात. २०२५-२६ च्या हंगामाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान भाव, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये आहे आणि उतारा ०.१ टक्क्याने वाढला की ३ रुपये ४६ पैसे वाढतात. दशांश चिन्हाच्या पुढचा तो एक आकडा कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो, शेतकऱ्याला फक्त सांगितला जातो. म्हणूनच इथला शेतकरी काटा बाहेर तपासून मिळावा म्हणून भांडतो, उताऱ्यावर कुणाची तरी नजर असावी म्हणतो. खेळातली ०.६ टक्के ही शक्यताही तशीच आहे. ती कंपनीच्या संगणकात ठरते, खेळाडूला सांगितली जाते, आणि ती खरी आहे की नाही हे एकट्या खेळाडूला कधीच कळू शकत नाही. ज्या मुलाचे वडील उताऱ्याच्या दशांशासाठी ट्रॅक्टर अडवतात, त्याच मुलाने हा दशांश निमूट मानायचा, हे मला पटत नाही.

ही निव्वळ शंका नाही. दक्षिण कोरियात मेपलस्टोरी या खेळात ‘क्यूब’ नावाची वस्तू विकली जायची; ती वापरली की शस्त्राचे गुण नशिबाने बदलायचे. नेक्सॉन कंपनीने २०१० पासून चांगले गुण येण्याची शक्यता न सांगता कमी केली होती. काही जोड्या तर अशा होत्या की त्या येण्याची शक्यताच शून्य करून ठेवली होती, आणि लोक त्यांच्यासाठी पैसे घालत राहिले. २०२१ मध्ये खेळाडूंनी वर्गणी काढून ट्रक भाड्याने घेतले, त्यांवर मोठ्या पडद्यांवर निषेध लिहिला आणि ते रस्त्यावर उभे केले. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्या स्पर्धा आयोगाने कंपनीला ११.६ अब्ज वॉनचा दंड केला. त्याच वर्षी २२ मार्चपासून कोरियात शक्यता जाहीर करणं कायद्याने सक्तीचं झालं. खेळाडूंच्या गप्पांतून, त्यांनी ठेवलेल्या नोंदींतून आणि त्यांच्या हट्टातून एक कायदा उभा राहिला. असं आपल्याकडे का होऊ नये?

आपल्याकडे काय होतं ते मी एका घरात पाहिलं आहे. वडील उद्यमनगरात लेथवर, आई घरी शिवणकाम करते, मुलगा दहावीत. खेळ वेगळा होता, नाव सांगत नाही. आईच्या फोनवर पैसे भरण्याची सोय होती आणि तिचा पिन मुलालाच ठाऊक होता, कारण तो त्यानेच बसवून दिला होता. बँकेचे मेसेज येत होते, पण त्यात खेळाचं नाव नसे. ॲप दुकानाचं नाव आणि ऐंशी-नव्वद रुपयांसारखी किरकोळ रक्कम. आईला वाटायचं रिचार्ज असेल. पासबुक भरून आणलं तेव्हा एकाखाली एक त्याच ओळी, दोन पानं. शिलाईचे पैसे त्या खात्यात यायचे. मुलाला विचारलं तर त्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आपण किती रुपये घातले ते त्याला माहीत नव्हतं. खेळातले हिरे किती घेतले ते मात्र नीट माहीत होतं. त्याचं हे उत्तर ऐकून मला त्याचा राग आला नाही. तो खोटं बोलत नव्हता. त्याला दिवसभर दिसत होते ते हिरेच. रुपया फक्त पासबुकात होता. परताव्यासाठी अर्ज केला तर एका ओळीचं नकाराचं उत्तर आलं.

खरं तर भारतीय करार कायदा १८७२ चा आहे आणि अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार मुळातच शून्य ठरतो, हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्येच सांगून ठेवलं आहे. तरी त्या आईचे पैसे परत येणं न येणं एका कंपनीच्या ग्राहक सेवेतल्या एका ओळीवर अवलंबून राहिलं.

आपल्या देशात किंमत लिहिण्याची परंपरा चांगली आहे. वैधमापन शास्त्र कायदा २००९ चा, त्याखालचे पाकीटबंद मालाचे नियम २०११ चे. पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावरही सर्व करांसहित कमाल किरकोळ किंमत छापावी लागते. महाद्वार रोडवरच्या छोट्यातल्या छोट्या दुकानदाराला ते बंधन आहे. तीस हजारांपर्यंत जाऊ शकणाऱ्या खरेदीला मात्र नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ म्हणजे पडद्यावरच्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार आहेत: खोटी घाई लावणं, किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणं, नकळत टोपलीत वस्तू टाकणं वगैरे. खेळातलं मधलं चलन यांपैकी एकातही नीट बसत नाही. बॅनरची मुदत खरीच असते, म्हणून ती खोटी घाई ठरत नाही. गठ्ठ्याची किंमत पहिल्या पडद्यावर लिहिलेली असते, म्हणून ती लपवली असंही म्हणता येत नाही. लपते ती शेवटच्या वस्तूची किंमत. म्हणून त्या यादीत चौदावा प्रकार घालावा: विकत घेतलेल्या आभासी चलनाआड वस्तूची खरी किंमत झाकणं. माझी मागणी एवढी नेमकी आहे. नवा कायदाही नको, प्राधिकरणाचं एक परिपत्रक पुरे.

२०२५ चा ऑनलाइन गेमिंगचा कायदा आहे ना, असं कोणी म्हणेल. २२ ऑगस्ट २०२५ ला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ त्याने बंद केले. रमीपायी उद्ध्वस्त झालेली घरं आपल्या आजूबाजूला आहेत, त्यामुळे त्याबद्दल माझी तक्रार नाही. ई-स्पोर्ट्स आणि मनोरंजनाचे खेळ त्याने वेगळे काढले, हेही बरं केलं. पण जिथे पैसे जातात आणि बदल्यात विकता न येणारं एक चित्र नशिबाने मिळतं, अशा खेळाबद्दल त्यात सरळ काही नाही. पैसे जिंकण्याची आशाच नाही, म्हणून तो जुगार नाही, असं कंपनी म्हणणार. मुलाच्या बाजूने बघितलं तर जाणारे पैसे तेवढेच खरे असतात.

दुसऱ्या टोकाला ‘बंदच करा ना’ म्हणणारे आहेत. पालक सभेत हे वाक्य हमखास येतं. मला ते मान्य नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली तेव्हा कुठून कुठून कोरियन आवृत्ती उतरवून खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. बंदी आली की खेळ राहतो, फक्त अधिकृत दुकान जातं. मग कुणीतरी ओळखीचा ‘स्वस्तात हिरे देतो’ म्हणून पासवर्ड मागतो. शिवाय बंदीने त्या मुलीचं लियुए जाईल, वर्गातला तो अर्धा तास जाईल. इतकं मोल द्यायची माझी तयारी नाही.

खेळाडूंमधलेच काही मला विरोध करतात, आणि त्यांचं म्हणणं मी जास्त मनावर घेते. ते म्हणतात, हा खेळ फुकट आहे. पैसे घालणारे घालतात म्हणून आम्हाला एवढं मोठं जग, एवढं संगीत, एवढी कथा एक रुपयाही न देता मिळते. तुम्ही किंमत लिहायला लावलीत आणि त्यांनी हात आखडता घेतला तर आमचं काय? प्रश्न खरा आहे. कलाकारांना पगार मिळायलाच हवेत. पण किंमत कळल्यावर जो ग्राहक घेणार नाही, त्याच्या न कळण्यावर कुणाचा पगार चालावा हे मला न्याय्य वाटत नाही. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची अमेरिकेतली मासिक वर्गणी २००४ पासून १४ डॉलर ९९ सेंट आहे. ती सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर ते जग वीस वर्षांहून जास्त काळ चाललं आहे. उघड किमतीवर मोठं जग उभं राहतं.

आणखी एक आक्षेप आहे तो लोरवाल्यांचा, आणि मला त्याच्याबद्दल सगळ्यात जास्त आस्था आहे. रुपयाचं चिन्ह दिसलं की त्या जगाचा भास मोडेल, असं ते म्हणतात. राजवाडा, देव, चांदणं, आणि मध्येच ‘रु. १७०’. मी यावर बराच विचार केला. मला वाटतं भास मोडतो तो मुदत संपण्याच्या घड्याळाने आणि ८० उरलेल्या क्रिस्टलने. किंमत कथेत लिहा असं मी म्हणतच नाही. ती दुकानाच्या बटणावर लिहा. तेवढं केलं की उलट कथा आणि दुकान यांच्यात पुन्हा उंबरठा येईल. युरोपीय संघाच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने मार्च २०२५ मध्ये स्वीडनच्या स्टार स्टेबल या घोड्यांच्या खेळावर कारवाई सुरू करताना जी तत्त्वं जाहीर केली, त्यात हेच पहिलं आहे: आभासी चलनात मांडलेल्या वस्तूची खऱ्या चलनातली किंमतही स्पष्ट दिसली पाहिजे. ग्राहकाला नको तेवढं चलन घ्यायला भाग पाडू नये, हेही त्यात आहे. तो खेळ प्रामुख्याने लहान मुली खेळतात.

आपल्याकडे प्राधिकरण परिपत्रक काढेपर्यंत पालकांना आणि मुलांना आजही काही करता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक अल्पवयीन असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे त्याच्या वतीने आई किंवा वडील तक्रार करू शकतात, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात कसलंही शुल्क लागत नाही. तक्रारीला पासबुकाची पानं जोडावीत, आणि त्यांच्याबरोबर मुलाला बसवून त्याच्याकडूनच एक तक्ता लिहून घ्यावा: कोणत्या दिवशी कोणता गठ्ठा, त्याचे किती डाव, किती उरले, रुपयात किती. हा तक्ता आयोगासमोर वकिलापेक्षा तो मुलगा चांगला समजावून सांगेल.